नव्या संगणकातील जुने संकेत

रत्नागिरी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी गेले, तरी जमिनीचा उतारा मागणारा माणूस ‘सातबारा’ हाच शब्द वापरतो. हा शब्द कोठून आला याचा विचार तो करीत नाही आणि त्याला तसे कारणही नाही. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. गावदप्तराच्या नमुन्यांना क्रम देताना हे दोन अनुक्रमांक या दोन नमुन्यांच्या वाट्याला आले, दोन्ही नमुने सोयीसाठी एकाच कागदावर येऊ लागले आणि दोन आकड्यांचा मिळून एक शब्द झाला. पुढे एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले, हस्तलिखित जाऊन संगणकीकृत उतारा आला, घरबसल्या डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. आकडे मात्र सात आणि बारा हेच राहिले. ते बदलावयाचे तर न्यायालयातील दावे, बँकांची गहाणखते, सोसायट्यांची कर्जप्रकरणे आणि लोकांची जीभ, हे सारेच बदलावे लागले असते.

हा उतारा ज्या संगणकावरून निघतो, त्या संगणकातही असाच एक प्रकार दडलेला आहे. विंडोज चालविणाऱ्या कोणत्याही संगणकात मुख्य साठवण-चकतीला ‘सी’ हे अक्षर दिलेले आढळते. मग ‘ए’ आणि ‘बी’ कोठे आहेत? नव्या पिढीतील विद्यार्थी हा प्रश्न शिक्षकांना विचारतात आणि त्याचे उत्तर बहुधा क्रमिक पुस्तकात नसते. पहिल्या वैयक्तिक संगणकांत कायमची चकती नव्हती. फ्लॉपी नावाच्या, काढता-घालता येणाऱ्या लवचिक चकत्यांसाठी दोन खाचा असत. त्यांना ‘ए’ व ‘बी’ ही नावे होती. कायमची चकती नंतर आली, म्हणून तिला तिसरे अक्षर मिळाले. फ्लॉपी नाहीशी झाली, तरी तिची दोन अक्षरे अद्याप तिच्या नावाने मोकळी सोडली जातात. सातबाऱ्याचे आकडे आणि चकतीचे अक्षर या दोन्हींच्या मागे एकच कारण आहे. ज्या रचनेवर असंख्य नोंदी अवलंबून असतात, ती रचना नव्या यंत्रणेला मोडता येत नाही, पुढे न्यावी लागते.

कार्यप्रणालीचे काम

संगणकाचे जे अंग या साऱ्या संकेतांचा सांभाळ करते, त्याला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. एखाद्या कार्यालयातील अव्वल कारकुनाच्या कामाशी तिची तुलना करता येईल. कोणता कागद कोणत्या टेबलावर जावयाचा, कोणते प्रकरण आधी घ्यावयाचे, अभिलेख कक्षात कोणती फाईल कोठे ठेवली आहे, कोणाला कोणती कपाटे उघडण्याचा अधिकार आहे, हे सारे तो पाहतो. कार्यालयात येणारा अर्जदार थेट कपाटात हात घालीत नाही. तो ठराविक नमुन्यात अर्ज करतो. त्याचप्रमाणे हिशेबाची, टंकलेखनाची किंवा उताऱ्याची आज्ञावली थेट यंत्राशी बोलत नाही, ती कार्यप्रणालीकडे ठराविक पद्धतीने मागणी करते.

आता समजा, नवा अव्वल कारकून आला व त्याने पहिल्याच दिवशी सर्व अर्जांचे नमुने रद्द केले, तर आजवर छापलेले सर्व अर्ज निरुपयोगी होतील. कार्यप्रणालीच्या बाबतीत नेमकी हीच अडचण असते. तिच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांवर लोकांनी पैसा व वर्षे खर्च केलेली असतात. नवी प्रणाली कितीही सरस असली, तरी जुन्या आज्ञावल्या चालविल्याशिवाय तिला गिऱ्हाईक मिळत नाही. आयबीएम या कंपनीने १९६४ मध्ये सिस्टीम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्या मालिकेसाठी लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या त्याच कंपनीच्या आजच्या मोठ्या यंत्रांवरही चालू शकतात, यामागे हाच व्यवहार आहे.

कुलाब्याचे यंत्र आणि तीन अक्षरांचा शेपूट

या वारशाची एक महत्त्वाची शाखा महाराष्ट्रालाही जवळची आहे. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्याचे काम छिद्रित कार्डांवर चालत असे. कार्डांचा गठ्ठा द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी ती रीत होती. सत्तरीच्या दशकात याच संस्थेच्या आवारातील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्रात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच ‘डेक’ या अमेरिकन कंपनीचा डेक-सिस्टीम-१० हा संगणक बसविण्यात आला. एकाच यंत्रावर अनेकांनी आपापल्या टर्मिनलवर बसून एकाच वेळी काम करावे, यंत्राने आपला वेळ सर्वांना थोडा थोडा वाटून द्यावा आणि प्रत्येकाला यंत्र आपलेच आहे असे वाटावे, ही सोय त्याच्या कार्यप्रणालीत होती. तिचे नाव टॉप्स-१०.

टॉप्स-१० मध्ये फाईलच्या नावाची एक ठराविक पद्धत होती. आधी सहा अक्षरांपर्यंतचे नाव, मग एक टिंब, मग फाईलचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे. ही तीन अक्षरे का, याचे उत्तर यंत्राच्या बांधणीत आहे. त्या संगणकाचा प्रत्येक शब्द ३६ द्विमान अंकांचा होता व एका अक्षराला सहा अंक लागत. म्हणजे एका शब्दात सहा अक्षरे मावत. नावासाठी एक पूर्ण शब्द व प्रकारासाठी अर्धा शब्द दिला, की अर्ध्या शब्दात तीनच अक्षरे बसणार. काटकसरीचा हिशेब होता, दुसरे काही नाही.

१९७४ च्या सुमारास अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही कार्यप्रणाली तयार केली. डेकच्या यंत्रांचा त्यांना सराव होता. नाव, टिंब आणि तीन अक्षरे ही पद्धत त्यांनी तशीच उचलली, नाव मात्र आठ अक्षरांपर्यंत वाढविले. फाईलची नक्कल करणाऱ्या आज्ञेचे ‘पिप’ हे नावही डेककडून आले. चकत्यांना एकेरी अक्षराने ओळखण्याची रीत आयबीएमच्या एका जुन्या प्रणालीत आधीपासून होती, तीही सीपी/एममध्ये रुळली. ज्या यंत्राचे शब्द ३६ अंकांचे नव्हते, त्या यंत्रावर तीन अक्षरांचे बंधन ठेवण्याचे कोणतेही तांत्रिक कारण उरले नव्हते. सवय तेवढी उरली होती.

पुढील टप्पा निव्वळ व्यापाराचा आहे. सीपी/एमवर वर्डस्टारसारख्या टंकलेखनाच्या व डीबेससारख्या नोंदी ठेवण्याच्या आज्ञावल्या चांगल्या चालत होत्या. १९८० मध्ये सिएटल येथील एका लहान कंपनीतील टिम पॅटरसन यांनी इंटेलच्या नव्या प्रोसेसरसाठी एक प्रणाली लिहिली व ती जाणूनबुजून सीपी/एमच्या वळणावर ठेवली. जुन्या आज्ञावल्या थोड्या फेरफाराने तिच्यावर आणता याव्यात, हा हेतू होता. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती डॉस या नावाने घरोघर गेली. आपल्याकडील शासकीय कार्यालयांत ज्यांनी संगणकाचे पहिले प्रशिक्षण घेतले, त्यांना डॉस, वर्डस्टार, डीबेस ही नावे एकाच दमात आठवतात. ती एकत्र आली होती याचे कारण वरील व्यवहारात आहे.

म्हणून आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या छायाचित्राच्या नावामागे ‘जेपीजी’ ही तीन अक्षरे दिसतात. या पद्धतीचे मूळ नाव चार अक्षरी, ‘जेपीईजी’ असे आहे. डॉसच्या तीन अक्षरांत बसावे म्हणून एक अक्षर गाळावे लागले. लांब नावांची मुभा विंडोजमध्ये १९९५ साली मिळाली, तरी गाळलेले अक्षर परत आले नाही.

आणखी एक गंमत कोणत्याही कार्यालयात करून पाहता येईल. बांधकाम विभागातील एखाद्या लिपिकाने ‘कन्स्ट्रक्शन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरे, सी-ओ-एन, घेऊन विंडोजमध्ये त्या नावाची फोल्डर करावयाचे ठरविले, तर संगणक नकार देईल. चूक लिपिकाची नाही. सीपी/एममध्ये ‘कॉन’ हे कळफलक व पडदा यांचे, म्हणजे कन्सोलचे राखीव नाव होते. ते डॉसमध्ये आले. त्यावेळी फोल्डर हा प्रकारच नसल्यामुळे ते नाव सर्वत्र राखीव ठरले. नंतर फोल्डर आल्या, पण जुन्या आज्ञावल्या कोणत्याही फोल्डरमधून त्या नावाने यंत्राला हाक मारीत असल्यामुळे बंदी कायम राहिली. मुद्रणयंत्रासाठी राखलेल्या ‘पी-आर-एन’ या नावाचीही तीच कथा आहे.

तिरप्या रेघेचा घोळही याच काळातला. १९८३ च्या डॉस २ मध्ये फोल्डरमध्ये फोल्डर ठेवण्याची कल्पना युनिक्स या प्रणालीवरून घेण्यात आली. युनिक्समध्ये अशा नावांच्या मध्ये उजवीकडे झुकलेली रेघ देतात. डॉसमध्ये मात्र ती रेघ आज्ञेतील पर्याय दाखविण्यासाठी आधीच वापरात होती. ती काढून घेतली असती तर लोकांच्या तयार आज्ञा बिघडल्या असत्या. म्हणून डावीकडे झुकलेली रेघ घेतली गेली. आजही संकेतस्थळाच्या पत्त्यात एक रेघ व विंडोजच्या पत्त्यात दुसरी, असा भेद दिसतो आणि नवशिके त्यात अडखळतात.

बँकेची खातेवही

ज्या युनिक्सचा वर उल्लेख आला, तिचा भारतातील प्रवास डॉसपेक्षा वेगळ्या दाराने झाला. हे दार म्हणजे बँक.

१९७८ मध्ये आयबीएमने भारतातील आपला व्यवसाय बंद केला. तिच्या यंत्रांची देखभाल पुढे सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे आली. एकाच कंपनीचे यंत्र, तिचीच कार्यप्रणाली व तिच्याच आज्ञावल्या घेतल्या, तर ती कंपनी गेल्यावर काय होते, याचा धडा देशाला मिळाला होता. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. शाखांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रे बसविण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. संघटनांच्या मनात नोकऱ्यांविषयी भीती होती व ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही; त्यामुळे ही वाटचाल सावकाश झाली. परंतु जी यंत्रे आली, त्यांत युनिक्सवर चालणाऱ्या यंत्रांना बँकांनी पसंती दिली. देशातील निरनिराळे उत्पादक युनिक्सची यंत्रे पुरवू शकत होते. एकाचे यंत्र बंद पडले, तरी दुसऱ्याच्या यंत्रावर तीच आज्ञावली थोड्या खटपटीने चालविता येत असे.

हा गुण युनिक्समध्ये कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. मल्टिक्स नावाच्या एका महत्त्वाकांक्षी पण अवजड प्रकल्पातून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. तेथील केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी मल्टिक्समधील चांगल्या कल्पना घेऊन, पसारा टाळून, लहान आकाराची प्रणाली रचली. १९७३ मध्ये तिचा बराचसा भाग ‘सी’ या नव्या संगणक भाषेत पुन्हा लिहिला गेला. तोपर्यंत कार्यप्रणाली बहुधा त्या त्या यंत्राच्या खास बोलीत लिहिली जात असे. युनिक्स अशा भाषेत आली की ती कोणत्याही यंत्रावर नेता यावी. पुढे तिच्या अनेक व्यापारी आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी झेनिक्स ही आवृत्ती मायक्रोसॉफ्टची होती, हे आज अनेकांना नवल वाटेल.

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर, पण तिची एकही ओळ न घेता, लिनक्स हा गाभा लिहिण्यास सुरुवात केली. त्या गाभ्यावर अँड्रॉइड उभे आहे व ॲपलचे फोनही युनिक्सच्याच दुसऱ्या शाखेचे आहेत. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून पीक नोंदविण्याची ई-पीक पाहणी योजना राज्यभर सुरू झाली. भाताच्या खाचरात उभे राहून संगमेश्वरचा शेतकरी अँड्रॉइड फोनवरून जी नोंद पाठवितो, ती जाते गाव नमुना १२ मध्ये. आणि ज्या प्रणालीवरून जाते, तिच्या फाईलींची मांडणी, अधिकारांची वाटणी व काळ मोजण्याची रीत ही थॉम्पसन-रिची यांच्या प्रणालीची आहे.

काळ मोजण्याची ही रीत थोडी तपशिलाने समजून घेतली पाहिजे, कारण तिचा संबंध कार्यालयीन नोंदींशी येतो. युनिक्स तारीख लिहून ठेवीत नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, तेवढाच आकडा ती ठेवते. जुन्या यंत्रांत या आकड्यासाठी ३२ द्विमान अंकांची जागा होती. ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पुरी भरते. त्यानंतरच्या क्षणी आकडा उलटून १९०१ सालात जातो. नव्या यंत्रांत ही जागा दुप्पट करण्यात आली आहे व तेथे भीतीचे कारण नाही. परंतु जुन्या उपकरणांत, जुन्या नोंदसाठ्यांत आणि घाईने लिहिलेल्या आज्ञावल्यांत जुनी जागा अजून असू शकते. २०३८ अजून दूर आहे, असे म्हणून हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. १९९० मध्ये जन्मलेल्या शिक्षकाची ५८ व्या वर्षी येणारी निवृत्तीची तारीख २०४८ मधील आहे. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुदत त्याहून पुढे जाते. या तारखा यंत्रात आजच भरल्या जातात आणि चुकणार असतील तर आजच चुकतात.

आरक्षणाच्या खिडकीमागे

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. गणेशोत्सवासाठी येणाऱ्या चाकरमान्यांच्या दृष्टीने रत्नागिरीचे आरक्षण हा त्यानंतर एक वार्षिक जिव्हाळ्याचा विषय झाला. त्या आरक्षणामागील यंत्रणा मात्र रेल्वेमार्गापेक्षा जुनी आहे. १९८५-८६ मध्ये दिल्ली येथे सीएमसीने रेल्वेसाठी पहिली संगणकीय आरक्षण यंत्रणा उभारली. ती डेक कंपनीच्या व्हॅक्स संगणकांवर, व्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालत असे. पुढे रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने नवी आज्ञावली तयार करून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांस जोडली. कोणत्याही ठिकाणाहून कोणत्याही ठिकाणचे तिकीट मिळू लागले ते तेव्हापासून.

अशा यंत्रणेची खरी कसोटी एकच असते. दोन गावच्या दोन खिडक्यांवर एकाच क्षणी एकाच बर्थची मागणी आली, तर ती एकालाच मिळाली पाहिजे. त्यासाठी नोंदीला क्षणभर कुलूप लावावे लागते. अनेक संगणक एकत्र जोडून ते एकच असल्याप्रमाणे चालवावयाचे व त्या सर्वांत मिळून कुलपांचा हिशेब ठेवावयाचा, ही सोय व्हीएमएसमध्ये १९८० च्या दशकातच होती. केवळ वाचण्यासाठी, वाचताना इतरांना लिहू न देण्यासाठी, पूर्ण मक्तेदारीसाठी अशी निरनिराळी मिळून सहा प्रकारची कुलपे तिने ठरविली होती. लिनक्समध्ये ही सोय पुढे आली तेव्हा तेच सहा प्रकार, त्याच अर्थाने घेतले गेले.

व्हीएमएसचा दुसरा वारस अधिक प्रसिद्ध आहे. तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी डेव्हिड कटलर हे १९८८ मध्ये डेक सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. त्यांच्यासह काही सहकारीही गेले. तेथे त्यांनी रचलेली विंडोज एनटी १९९३ मध्ये बाहेर आली. कामांना प्राधान्य देण्यासाठी व्हीएमएसमध्ये ० ते ३१ अशा ३२ पायऱ्या होत्या व त्यांतील वरच्या १६ तातडीच्या कामांसाठी राखलेल्या होत्या. एनटीमध्येही ३२ पायऱ्या असून वरच्या १६ तशाच राखीव आहेत. ‘व्हीएमएस’ या तीन रोमन अक्षरांपैकी प्रत्येकाचे पुढचे अक्षर घेतले तर ‘डब्ल्यूएनटी’, म्हणजे विंडोज एनटीची आद्याक्षरे मिळतात, अशी एक गंमत जाणकार सांगतात. तो बहुधा योगायोगच असावा. २००१ च्या एक्सपीपासून घरगुती व कार्यालयीन विंडोज याच गाभ्यावर चालते. तेव्हा आजच्या विंडोजचा पडदा व संकेत डॉसच्या घराण्यातील, तर गाभा व्हीएमएसच्या घराण्यातील आहे. ‘कॉन’ नावाच्या फोल्डरला नकार देणारी बंदी या नव्या गाभ्यातही पाळावी लागली, हे विशेष.

डेक कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली व २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. व्हॅक्स गेला, त्याच्या जागी अल्फा व नंतर इटॅनियम हे प्रोसेसर आले व गेले. व्हीएमएस मात्र प्रत्येक वेळी नव्या प्रोसेसरवर उचलून नेण्यात आली. तिच्यावर चालणाऱ्या रुग्णालयांना, कारखान्यांना व वाहतूक यंत्रणांना ती हवी होती. २०१४ मध्ये तिच्या पुढील विकासाचे हक्क एका स्वतंत्र लहान कंपनीने घेतले आणि २०२२ मध्ये ती सर्वसाधारण प्रोसेसरवरही आली. जी प्रणाली आपल्या जन्मदात्या कंपनीच्या अंतानंतर जगली, ती ग्राहकांच्या नोंदींमुळे जगली.

मराठीची वाट

येथवरच्या उदाहरणांत जुन्याचा धागा टिकलेला दिसतो. मराठीच्या बाबतीत तो मध्येच तुटला आणि त्याची किंमत आपली कार्यालये व शाळा अद्याप मोजत आहेत.

डॉसला मराठी येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले व पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने प्रसारात आणलेले ‘जिस्ट’ तंत्र यावर उपाय म्हणून आले. संगणकात एक जादा कार्ड बसवावयाचे व पडद्यावर काय उमटवावयाचे ते त्या कार्डाने ठरवावयाचे. डॉसला किंवा डीबेसला काही कळू न देता नावे देवनागरीत दिसू लागत. यामागे अक्षरांना अंक देण्याची ‘इस्की’ ही भारतीय मानक पद्धत होती. ‘क’ चा अंक ठरलेला, काना-मात्रेचा अंक ठरलेला. जोडाक्षर कसे दिसेल ते कार्ड पाहील. इंग्रजीसाठीच्या पहिल्या १२८ अंकांना या पद्धतीने धक्का लावला नाही, त्यामुळे जुन्या आज्ञावल्या तशाच चालत. जुन्यावर नवे कसे बसवावे, याचा हा उत्तम नमुना होता.

विंडोज आली आणि चित्र बदलले. विंडोज स्वतःच पडद्यावर अक्षरे रेखाटू लागल्यामुळे मधल्या कार्डाला जागा उरली नाही. तेव्हा सोपा मार्ग म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले फॉन्ट निघाले. संगणकाच्या हिशेबी मजकूर इंग्रजीच असे, फक्त तो मराठीसारखा दिसे. प्रत्येक कंपनीने तुकड्यांची मांडणी आपापल्या पद्धतीने केली. मुद्रणासाठी ते पुरेसे होते. छापलेले परिपत्रक सुबक दिसे व कोणाचीच तक्रार नसे. फाईल जपण्याच्या दृष्टीने मात्र ते घातक ठरले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. अशा फाईलीत नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही.

इस्कीचे पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. १९९१ मध्ये जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड ही संकेतपद्धती आली, तेव्हा तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेण्यात आली. एनटीने आरंभापासून युनिकोड स्वीकारले व विंडोज २००० मध्ये मराठी अक्षरजुळणीची सोय आली. त्यामुळे इस्कीत ठेवलेली नोंद नियमाने, एकाही माणसाच्या मदतीवाचून, युनिकोडमध्ये नेता येते. फॉन्टच्या तुकड्यांत ठेवलेली नोंद नेण्यासाठी तो फॉन्ट कोणता, कोणत्या आवृत्तीचा, हे आधी माहीत असावे लागते व त्यासाठी वेगळी रूपांतर आज्ञावली लागते. रूपांतर झाल्यावरही रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे नजरेखालून घालावी लागतात.

मोडी दप्तराचा अनुभव असलेल्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. कागद शाबूत आहे, अक्षर स्वच्छ आहे, परंतु वाचणारा नाही, अशी दप्तरे महसुली कार्यालयांतून आहेत. मोडी वाचणारे कमी होण्यास निदान काही पिढ्या लागल्या. फॉन्टमध्ये अडकलेल्या मजकुराला तेवढा अवधी मिळणार नाही.

ग्रामपंचायतींचे ठराव, शाळांची पटनोंद, सेवापुस्तकांच्या याद्या असा १९९० ते २००५ या काळातील बराच मजकूर जुन्या चकत्यांत अशा स्वरूपात असतो. संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील फाईली काढून घेतल्या जातात खऱ्या, पण त्या कोणत्या फॉन्टमध्ये आहेत याची नोंद सहसा केली जात नाही. ती एका ओळीची नोंद आहे. फाईलींच्या यादीशेजारी फॉन्टचे नाव व आज्ञावलीचे नाव लिहून ठेवले आणि फॉन्टची प्रत परवान्यासह त्याच ठिकाणी जपली, तर रूपांतर पुढे केव्हाही करता येईल. हे नाव आज सांगू शकणारी माणसे म्हणजे त्या काळी त्या संगणकांवर टंकलेखन करणारे कर्मचारी. १९९५ च्या सुमारास पंचविशीत नोकरीस लागलेला लिपिक वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे २०२८ च्या सुमारास सेवानिवृत्त होतो.